रिकामं भांडं गॅसवर

ऑगस्टात पाचगणीला आलेली कुठलीही वस्तू आधी मऊ पडते. आमच्या नॉनस्टिक भांड्यांचा खोकाही कोपरे पिळून घ्यावेत इतका ओला होऊन आला. आत तीन भांडी होती : डोशाचा सपाट तवा, चोवीस सेंटिमीटरचं फ्राय पॅन आणि काचेच्या झाकणाची कढई. सोबत लाकडी कालथा, हिरवी मऊ घासणी आणि बारीक टाइपातलं एक पत्रक. पत्रकातली पहिलीच सूचना अशी की रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवू नये. मी ती मोठ्याने वाचली. सासूबाई म्हणाल्या, "हे सांगायला छापील कागद कशाला लागतो? रिकामं भांडं चुलीवर ठेवायचंच नसतं. अवलक्षण असतं ते."

त्या अवलक्षणाचा उलगडा व्हायला मला पुढचे सहा-सात महिने लागले.

सुरुवात आंबोळीपासून केली. घरातली रीत अशी की बिडाचा तवा चांगला तापवायचा, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा, पाण्याचा शिपका मारायचा आणि थेंब नाचायला लागले की पीठ घालायचं. नव्या तव्यावर मी हे सगळं इमानेइतबारे केलं. थेंब नाचले. मग वाटीने पीठ घातलं आणि वाटीच्याच बुडाने गोल फिरवायला गेले, तर अख्खी आंबोळी वाटीला लटकून वर आली. चिकटू नये म्हणून आणलेल्या तव्यावरची आंबोळी वाटीला चिकटली! दुसरीही तशीच आली. तिसरीच्या वेळी सासूबाईंनी शेजारच्या शेगडीवर निमूटपणे जुना तवा चढवला.

चूक माझीच होती. पीठ पसरायचं असेल तर ते तव्याला जरासं धरावं लागतं. बिडावर ते पडल्या क्षणी धरतं, म्हणून पळीखाली पसरतं. मग खालचा थर शिजून घट्ट झाला, त्यातली वाफ बाहेर पडली की आपोआप सुटतं. नॉनस्टिकवर धरणं नाहीच. त्यात वर तेल आणि खाली कडक ताप. पिठाचा तळ लगेच शिजतो आणि मोकळा होऊन वाटीबरोबर निघतो. उपाय उलटा आहे. तवा कोमट असताना, तेलाचा थेंबही न लावता पीठ पसरायचं, मग आच वाढवायची आणि तेल कडेने सोडायचं. चौथी आंबोळी अशी केली, तिला जाळीही सुरेख पडली.

शिपक्यानेही मला फसवलं होतं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब उडून न जाता नाचतो, याचं कारण योहान लायडनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ साली लिहून ठेवलं. धातू पुरेसा तापला की थेंबाच्या तळाची क्षणात वाफ होते आणि उरलेला थेंब त्या वाफेच्या गादीवर तरंगतो. लोखंडावर हे साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास घडतं. त्याहून कमी तापलेल्या लोखंडावर थेंब चर्र करतो आणि संपतो. म्हणजे आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जो शिपका मारत आल्या, तो थर्मामीटरच होता. पण नॉनस्टिकवर पाणी मुळात पसरतच नाही. तवा थंड असला तरी थेंब गोळी होऊन पळतो. लोखंडावर खरं सांगणारी परीक्षा इथे तितकी भरवशाची राहत नाही, आणि थेंब नाचेपर्यंत थांबावं तर तवा आंबोळीला हवा त्याहून पुष्कळ जास्त तापलेला असतो.

पदार्थ चिकटतो म्हणजे काय होतं? धातूचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी बारकाईने पाहिलं तर खडबडीत असतो. अंडं, दूध, मासे यांतली प्रथिनं तापली की उलगडतात, त्यांच्या गुंडाळ्या सुटतात आणि उघड्या पडलेल्या टोकांनी ती धातूला धरतात. पिठातला स्टार्च पाणी पिऊन खळीसारखा होतो आणि तसाच बसतो. बिडाच्या किंवा लोखंडाच्या जुन्या तव्यावर असं कमी होतं, कारण तिथे धातू उघडा उरलेलाच नसतो. तेलाचा पातळ थर पुन्हा पुन्हा तापून एकमेकांत गुंफतो आणि कडक, काळा, चकचकीत पापुद्रा तयार होतो. लाकडाला जवसाचं तेल पाजल्यावर ते वाळून कडक होतं, त्याच जातीची ही क्रिया. तवा तयार होतो, मुरतो, असं आपण म्हणतो ते या पापुद्र्याबद्दल. आमच्याकडचा बिडाचा तवा सासूबाईंच्या सासूबाईंचा, तेव्हा त्याच्यावर किती थर असतील ते मोजणं अवघडच.

लोखंड या डोंगरांना परकं नाही. पाचगणीच्या टेबल लँड पठारावर चालताना पायाखाली लागतो तो तांबडा जांभा लोहयुक्त आहे. महाबळेश्वरच्या परिसरात धावड लोक कोळशाच्या भट्ट्यांत इथलं लोखंड गाळत. एकोणिसाव्या शतकात लाकूड-कोळसा महागला, विलायती लोखंड स्वस्त मिळू लागलं आणि त्या भट्ट्या विझल्या. आता टेबल लँडवर घोडागाड्या फिरतात.

नॉनस्टिकचा जन्म मात्र प्रयोगशाळेतल्या फजितीतून झाला. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा सत्तावीस वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ रेफ्रिजरेटरसाठी नवा वायू शोधत होता. टेट्राफ्लोरोएथिलीन भरलेल्या एका नळकांड्याची तोटी उघडली तर वायू बाहेर येईना. वजन केलं तर भरलेल्या नळकांड्याइतकं. वायू गेला नव्हता, तरी येतही नव्हता. शेवटी त्याने ते नळकांडं करवतीने कापलं. आत मेणासारखी निसरडी पांढरी भुकटी होती. वायूचे रेणू आपसांत जोडले जाऊन त्यांची लांब साखळी झाली होती. हेच टेफ्लॉन. या साखळीत कार्बनचा कणा असतो आणि त्याला फ्लोरिनच्या अणूंचं चिलखत. कार्बन आणि फ्लोरिन एकमेकांना इतके घट्ट धरतात की बाहेरच्या कुणाला धरायला त्यांच्याकडे काही शिल्लक राहत नाही. भिंतीवर बिनधास्त धावणाऱ्या पालीच्या कुळातल्या प्राण्यांचेही पाय कोरड्या टेफ्लॉनवर टिकत नाहीत.

टेफ्लॉन पहिल्यांदा कामाला आलं ते अणुबाँबच्या प्रकल्पात, युरेनियमच्या दाहक वायूपासून नळ्यांचे सांधे वाचवायला. स्वयंपाकघरात ते आणलं मार्क ग्रेगॉयर या फ्रेंच अभियंत्याने. अ‍ॅल्युमिनिअमवर टेफ्लॉन बसवण्याची युक्ती त्याला साधली होती, आणि ती तव्यावर करून बघ हा त्याच्या बायकोचा, कोलेतचा, आग्रह असं सांगतात. १९५६ साली त्यांनी टेफल नावाची कंपनी काढली : टेफ्लॉनमधलं 'टेफ' आणि अ‍ॅल्युमिनिअममधलं 'अल'.

आपल्याकडे हे आलं ते मुंबई-पुण्याच्या आधी मराठवाड्यात. १९६८ साली औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नानासाहेब भोगले यांच्या घराण्याने नॉनस्टिक भांडी बनवायला सुरुवात केली. भारतातलं हे पहिलं नॉनस्टिक, आणि त्याचं नाव 'निर्लेप'. पुढे २०१८ साली बजाज इलेक्ट्रिकल्सने ती कंपनी घेतली, पण मराठी घरांत नाव केव्हाच कंपनीच्या हातून सुटलं होतं. माझी आई कुठल्याही कंपनीच्या काळ्या तव्याला निर्लेपच म्हणते. "त्या निर्लेपला तारेची घासणी लावू नकोस" हे वाक्य माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणींनी ऐकलं असेल.

मला या नावाची गंमत वाटते. निर्लेप म्हणजे ज्याला लेप नाही, जो कशानेही माखत नाही तो. संसारात राहून अलिप्त राहणाऱ्याला कमळाच्या पानाची उपमा देतात, तिथला हा शब्द. आणि हे भांडं तर निव्वळ लेपाच्या जिवावर जगणारं! लेप गेला की खाली उरतं ते साधं अ‍ॅल्युमिनिअम. तरी कमळाच्या पानाची आठवण अगदीच चुकीची नाही. आमच्या मोरीमागे अळू आहे. पावसाचा थेंब अळूच्या पानावर टेफ्लॉनवरच्या थेंबापेक्षाही गोल राहतो, कारण त्या पानावर मेण आहेच, शिवाय बारीक उंचवटेही आहेत. अळवावरचं पाणी या बाबतीत तव्यावरच्या पाण्याच्या पुढे आहे.

मग प्रश्न असा की ज्याला काहीच चिकटत नाही ते स्वतः अ‍ॅल्युमिनिअमला कसं चिकटतं? ते चिकटत नाही, अडकतं. आधी वाळूचा मारा करून किंवा आम्लाने धातू खरवडतात. त्या खाचाखोचांत धरून बसणारा पहिला थर देतात, त्यावर टेफ्लॉनचे एक-दोन थर फवारतात आणि चारशे अंशांच्या आसपास भाजतात. सगळे थर मिळून जाडी आपल्या केसाहून कमीच भरते. एवढ्या पातळ थरावर स्टीलचा सराटा ओढला तर काय होणार? कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी विचारलं, "ताई, ह्याला राख चालंल का?" मी नाही म्हटलं. "मग निरम्याची पूड?" तेही नाही म्हटलं. "मग ह्याला घासायचं कशानं, फुंकरीनं?" त्यांचं फारसं चुकलेलं नव्हतं. रिकामा तवा कोमट पाण्याखाली धरून मऊ फडक्याने पुसला तरी काम होतं. ओरखडे उठून निघालेला कपचा चुकून पोटात गेलाच, तर घाबरण्याचं कारण नाही. टेफ्लॉन पोटात कशाशीच मिसळत नाही, जसं आत जातं तसंच बाहेर पडतं.

घाबरायचं ते तापाला. टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं. त्याच्या बरंच आधी, म्हणजे २६० अंशांच्या पुढे जाऊ नये, असं भांडी बनवणारे सांगतात, कारण त्यापुढे लेप हळूहळू बिघडू लागतो. साडेतीनशेच्या वर त्याचं विघटन होऊन वाफा निघतात. त्या वाफा छातीत गेल्या तर थंडी-तापासारखं दुखणं येतं. दोन-एक दिवसांत बरं वाटतं. पाळलेले पोपट आणि लव्हबर्ड मात्र त्याने मरतात, कारण पक्ष्यांचं फुप्फुस हवा फार कसोशीने ओढून घेतं. स्वयंपाकघरात पिंजरा टांगलेला असेल तर ही गोष्ट गमतीवारी नेऊ नये.

पण २६० अंश म्हणजे किती वेळ? हे पत्रकात नव्हतं. म्हणून मी मोटार दुरुस्तीवाले वापरतात तसला लांबून ताप मोजणारा पिस्तुलासारखा थर्मामीटर आणला. (करोनाच्या काळात कपाळावर रोखत तो चालत नाही, त्याची धाव तापाच्या पलीकडे नसते. आणि चकचकीत स्टीलवर हे यंत्र चुकीचे आकडे दाखवतं. काळ्या तव्यावर बरोबर चालतं.) रिकामं फ्राय पॅन मोठ्या शेगडीवर ठेवून गॅस पूर्ण सोडला. एका मिनिटात १३०. दोन मिनिटांत दोनशेच्या पुढे. तिसरं मिनिट संपायच्या आत २६२ आकडा दिसला आणि मी गॅस बंद केला. कांदा चिरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पॅन हद्द ओलांडून जातं. नंतर त्याच पॅनमध्ये वाटीभर पाणी घालून तोच गॅस तितकाच वेळ ठेवला, तर आकडा शंभराच्या आसपासच घुटमळला. भांड्यात ओलं काही आहे तोवर पाणी त्याची राखण करतं. अ‍ॅल्युमिनिअम पटकन तापतं हा त्याचा गुण, आणि नॉनस्टिकच्या बाबतीत तोच त्याचा घात.

आमच्या घरी नाचणीची आणि ज्वारीची भाकरी रोज होते. भाकरीचा तवा मोजला तर २५० ते २८० अंश. भाकरीला तेल नाही, वरून पाण्याचा हात फिरवायचा, आणि खालचा तवा इतका कडक हवा की भाकरी टाकल्या-टाकल्या तळ धरून सुटली पाहिजे. म्हणजे भाकरीला जिथे सुरुवात करायची असते, नेमकी तिथेच नॉनस्टिकची हद्द संपते. मी एक भाकरी त्यावर करून पाहिली. आच मध्यम ठेवली, तर ती फुगायच्या आधी वाळली आणि पापडासारखी झाली. भाकरीच्या वाटेला त्या तव्याने जाऊ नये, हे माझं मत पक्कं आहे. थालीपिठाचं उलट. थालीपीठ थंड तव्यावरच थापायचं असतं, मधे बोटाने भोकं पाडून तेल सोडायचं, झाकण ठेवायचं आणि मंद आचेवर विसरायचं. हा पदार्थ जणू नॉनस्टिक येणार हे ठाऊक असल्यासारखाच जन्माला आला. निम्म्या तेलात, एकही कड न तुटता निघतं. अंडं, पनीर, मासे, घट्ट पिठलं, तेही तसंच.

पण पिठल्याने एक जुनं दुःखही वर काढलं. लोखंडी कढईत पिठलं झालं की तळाला धरलेला खमंग पापुद्रा उलथन्याने खरवडून काढतात. दुधाच्या पातेल्याची खरवड, बासुंदीची खरवड. आमच्या लहानपणी पातेलं कोणाच्या वाट्याला येणार यावरून भांडणं व्हायची. पीठ किंवा साय तापलेल्या धातूला चिकटून राहते म्हणूनच तिथला ओलावा संपून ती भाजली जाते, तिचा रंग बदलतो, वास बदलतो. नॉनस्टिकच्या कढईत बासुंदी आटवली तर तळ कोरा, स्वच्छ. बासुंदी चांगलीच झाली. खरवड मात्र कुठून येणार? पातेलं चाटायला मिळालं नाही म्हणून नाराज होणारं आमच्या घरात आता कोणी लहान नाही. मीच नाराज झाले.

पाचगणीत स्वयंपाकाला आणखी एक अडचण असते, ती डोंगराची. आपण समुद्रापासून साधारण तेराशे मीटर वर आहोत. वर गेलं की हवेचा दाब कमी आणि पाणी लवकर उकळतं. सुमारे तीनशे मीटरला एक अंश हे ढोबळ गणित. माझ्या कढईत पाणी ९५ ते ९६ अंशांना खळखळतं. उकळतं लवकर, पण ते जास्त तापत नाही, म्हणून पाण्यात शिजणारं सगळं मुंबईपेक्षा हळू शिजतं. वाईहून घाट चढून आलेली नवी सून पहिल्या आठवड्यात डाळ कच्ची काढते, हे इथल्या घरांत नवीन नाही. तव्यावरच्या भाजण्याला डोंगराशी काही घेणंदेणं नसतं. तेल आणि धातू दाब विचारत नाहीत.

हे सगळं ठाऊक असूनही जानेवारीत मी सपशेल आपटले. स्ट्रॉबेरी निघाली होती. भिलारच्या ओळखीच्या शेतातून दोन किलो लहान, पक्षी टोचलेली फळं आणली; जॅमला तीच चांगली. कढई नॉनस्टिकचीच घेतली, कारण स्ट्रॉबेरी आंबट. आंबट रस उघड्या अ‍ॅल्युमिनिअमला खातो, आणि लोखंडात तिचा लाल रंग मळकट जांभळा होऊन वर लोखंडाची चव लागते. पुस्तकातल्या कृतीत लिहिलं होतं की १०५ अंश झाले की जॅम जमला. मी खमकेपणाने काठीसारखा लांब थर्मामीटर कढईत उभा केला. ९८ झाले, ९९ झाले, शंभर झाले. आकडा पुढे सरकायला फार वेळ घेत होता. मी आच थोडी वाढवली. १०३ झाले तेव्हा बुडबुडे जाड, आळशी झाले होते, चमचा जड जात होता. सासूबाई दोनदा येऊन "झालंय गं" म्हणून गेल्या. मी थर्मामीटरवर बोट ठेवलं. १०५ झाल्यावरच गॅस बंद केला. सकाळी बरणीत चमचा घातला तो उभाच राहिला, आणि काढायला गेले तर आख्खी बरणी वर आली.

जॅम जमतो तो विशिष्ट अंशांना नाही, विशिष्ट साखरेला. फळाच्या रसातलं पाणी उडत जातं तशी साखर दाट होते, आणि साखर जितकी दाट तितका रस जास्त तापाला उकळतो. साखर साधारण दोन तृतीयांशाच्या जवळ पोचते, तेव्हा तो पाण्यापेक्षा साडेचार अंश वर उकळत असतो. समुद्रकाठी पाणी शंभराला उकळतं, म्हणून पुस्तकात १०४-१०५. पाचगणीत पाणीच ९५-९६ला उकळतं, म्हणून इथे जॅम शंभराच्या आसपासच झालेला असतो. मी पुढचे पाच अंश जे शिजवत बसले, त्यात साखर पाऊण हिश्शाच्याही पुढे गेली आणि जॅमची मिठाई झाली. सासूबाई जुनीच युक्ती करतात. बशी गार पाण्यावर ठेवायची, तिच्यावर थेंब टाकायचा, बोटाने ढकलायचा. सुरकुती पडली की झालं. बशीला समुद्रसपाटी माहीत नसते.

कढई मात्र वाचली. इतका आटलेला पाक स्टीलच्या भांड्यात असता तर मावशींनी मला दोन दिवस ऐकवलं असतं. इथे गरम पाणी घातलं आणि सगळा थर एका तुकड्यात सुटून वर तरंगला. नॉनस्टिक पैसे वसूल करतं ते अशा दिवशी.

या भांड्यांच्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'पीएफओए-मुक्त'. ही पाटी वाचून बरेच जण समजतात की यात टेफ्लॉन नाही. तसं नसतं. पीएफओए हे टेफ्लॉन बनवताना पूर्वी मदतनीस म्हणून घालत ते दुसरंच रसायन. भांडं भट्टीत भाजलं जाताना ते जवळपास सगळं उडून जाई. तव्यातून ताटात ते नगण्यच यायचं. त्याने हानी केली ती कारखान्यांच्या आसपास. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्ग गावी एका शेतकऱ्याची गुरं मरू लागली, त्याच्या वतीने रॉब बिलट या वकिलाने १९९९ साली दावा लावला, आणि कारखान्याच्या सांडपाण्यातून हे रसायन पाण्यात उतरल्याचं त्यातून बाहेर आलं. हे रसायन निसर्गात जवळजवळ मोडतच नाही. कार्बन-फ्लोरिनच्या ज्या बंधामुळे तवा चांगला, त्याच बंधामुळे ते टिकून राहतं. अमेरिकी कंपन्यांनी २०१५पर्यंत त्याचा वापर थांबवला. २०१९ साली स्टॉकहोम कराराने ते बंदीच्या यादीत घातलं, आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत त्याची गणना केली.

हे सगळं फार लांबचं वाटतं. पण इटलीत व्हिचेंझाजवळच्या त्रिसिनो गावात याच कुळातली रसायनं बनवणारा मितेनी नावाचा कारखाना होता. त्याने भूजल इतकं बिघडवलं की लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. २०१८ साली तो दिवाळखोर झाला. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याच्याशी संबंधित अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. आणि त्या कारखान्याची यंत्रसामग्री? ती एका भारतीय रसायन कंपनीने विकत घेतली, जहाजातून आणली आणि रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत बसवली. पाचगणीहून महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, तिथून कशेडी ओलांडून खेड, आणि पुढे लोटे. शनिवारी सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं. तिथे तव्याचा लेप बनत नाही. औषधं आणि कीटकनाशकांसाठी लागणारी फ्लोरिनची रसायनं बनवण्यासाठी ती यंत्रं आहेत, आणि नियम पाळतो असं कंपनीचं म्हणणं आहे. लोटेच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मासेमार मात्र ही यंत्रं यायच्या कितीतरी वर्षं आधीपासून ओरडत आहेत. खोक्यावरची पाटी फक्त माझ्या तव्याबद्दल बोलते.

लेप बदलून 'सिरॅमिक' लिहिलेली भांडीही मिळतात. त्यांत टेफ्लॉन नसतं, वाळूच्या जातीचा काचेसारखा थर असतो. ताप जास्त सोसतात, पण गुळगुळीतपणा लवकर जातो. माझ्या बहिणीचं पॅन वर्षभरात अंड्याला धरायला लागलं.

माझा आंबोळीचा तवा मार्चपर्यंत मधोमध फिका पडला. शेगडीची ज्वाळा जिथे बरोबर खाली येते तिथे वाटीच्या तोंडाएवढा डाग. कल्हईवाला हल्ली वर्षातून एकदा कधीतरी येतो. आला तेव्हा घरची दोन पितळी पातेली आणि एक तपेलं त्याच्यापुढे ठेवलं. कल्हई गेलेल्या पितळेत ताक ठेवलं की कळकतं, म्हणून ती वर्षभर नुसती मिरवायला होती. गंमत म्हणून तो तवाही पुढे केला. त्याने तो उलटा केला, मागची स्टीलची चकती बोटाने वाजवली, बाजूला ठेवला.

"ह्याला न्हाई होत ताई. अ‍ॅल्मीनला कथील धरत न्हाई."

खरं आहे. अ‍ॅल्युमिनिअमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि कथील त्याच्यावरून घरंगळतं. मग त्याने जमिनीत खळगा करून कोळसा पेटवला, भात्याने फुंकला, पातेलं चिमट्यात धरून फिरवलं. नवसागराची चिमूट टाकली तशी पांढऱ्या धुराची ती ओळखीची तिखट गाठ नाकात बसली. कथलाची कांडी आतून नुसती टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने एक वळसा दिला. काळवंडलेल्या पितळेवर चांदीसारखा थर पसरत गेला. कथील २३२ अंशांना वितळतं. नॉनस्टिकची हद्द २६०.

पातेलं पाण्यात बुडवून त्याने सासूबाईंच्या हातात दिलं. "आजी, म्हाईत असंलच तुमास्नी. रिकामं गॅसवर ठिवू नगा."

"मी नाही ठेवत," सासूबाई म्हणाल्या, आणि पातेलं उन्हात धरून आत पाहत राहिल्या.